पाठीला सोसेल अशी चॉपर

चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणाऱ्या आणि कंबरेसाठी फिजिओथेरपी घेणाऱ्या माणसाने मागे शॉकअप्सच नसलेली चॉपर, म्हणजे कापून-जोडून बांधलेली, पुढचं चाक लांब पुढे गेलेली मोटरसायकल, घ्यावी का? माझ्या डॉक्टरीणबाईंनी हसून विषय बदलला. मी घेतली. कंबर शाबूत आहे, पण ती शाबूत राहावी म्हणून गाडीत काय काय बदलावं लागलं, ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून लिहितोय.

साताऱ्यात कॉलेजात असताना बुलेट चालवली होती, तरी कॅलिफोर्नियात त्याचा उपयोग शून्य. इथे मोटरसायकलसाठी एम१ लायसन्स वेगळं लागतं. लेखी परीक्षा पास झालात की परमिट मिळतं. त्यावर रात्री चालवायची नाही, मागे कुणाला बसवायचं नाही, फ्रीवेवर जायचं नाही. पुढे दोन वाटा. एक म्हणजे डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, आवारातली चाचणी: रंगवलेल्या अरुंद पट्ट्यातून जायचं, वर्तुळात फिरायचं, पाय टेकवायचा नाही. दुसरी म्हणजे सेफ्टी कोर्स. त्याचं डीएल ३८९ सर्टिफिकेट दाखवलं की गाडीवरची चाचणी माफ. २१ वर्षांखालच्यांना तो सक्तीचा, आमच्यासारख्यांना ऐच्छिक. मी कोर्सच धरला. तिथल्या गाड्या छोट्या आणि गरीब स्वभावाच्या असतात. लांब फोर्कच्या (फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्या) चॉपरवर ते वर्तुळ काढायचं म्हणजे बोळात एसटी वळवायची.

चॉपरच का, हे घरी अजून कुणाला पटवता आलेलं नाही. खरं कारण शेजारातलं आहे. आमच्या ईस्ट बेमधलं, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेकडचं, डब्लिन आता डोसा, चाट आणि क्रिकेट क्लासचं गाव झालंय, पण मोटरसायकलवाल्यांना ते आर्लेन नेसमुळे माहीत आहे. हा माणूस १९४७ ची जुनी हार्ली रंगवत, कापत, जोडत या धंद्यात आला आणि लांबलचक, जमिनीला चिकटलेल्या गाड्यांची बे एरियाची धाटणी त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २०१९ मध्ये तो गेला. त्याच्या गाड्या पाहिल्यावर मला कारखान्यातून आलेली कुठलीही क्रूझर अर्धवट वाटायला लागली.

या छंदाचा इतिहास वाचला तर अजून गोडी लागते. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या अमेरिकन पोरांनी अवजड गाड्यांची मडगार्डं कापून त्या हलक्या केल्या. साठच्या दशकात फोर्क लांबत गेले. १९६९ च्या ज्या ‘ईझी रायडर’ सिनेमामुळे चॉपर जगभर पोचली, त्यातल्या गाड्या लॉस एंजेलिसच्या बेन हार्डी आणि क्लिफ वॉन्स या दोन कृष्णवर्णीय कारागिरांच्या हातच्या. लिलावात घेतलेल्या पोलिसांच्या जुन्या हार्ल्यांपासून बनवलेल्या. पोस्टर जगभर लागलं आणि या दोघांची नावं कित्येक दशकं कुणी घेतली नाहीत. मला याचा अजूनही राग येतो.

मला मिळाली ती १९९४ च्या १२०० सीसी स्पोर्टस्टर इंजिनाभोवती बांधलेली गाडी. हार्लीने स्पोर्टस्टरच्या इंजिनाखाली रबर माउंट दिले ते २००४ पासून. त्याआधीचं इंजिन थेट चेसिसला बोल्टने आवळलेलं. म्हणजे प्रत्येक ठोका तुमच्या तळव्यात. वर चेसिस रिजिड, मागच्या चाकाला स्प्रिंग नाही. अशा गाडीचे कागद हा वेगळाच विषय. हातबांधणीची गाडी इथे ‘स्पेशल कन्स्ट्रक्शन’ म्हणून नोंदवता येते, पण चेसिस आणि इंजिन चोरीचं नाही हे तपासून घ्यावं लागतं. ती कटकट आधीच्या मालकाने निस्तरली होती. मी एवढंच केलं: कागद मागवले, बॅटरी घेऊन खाली वाकलो आणि प्रत्येक नंबर स्वतः वाचून जुळवला. ‘पिंक स्लिप (मालकीचा कागद) नंतर देतो’ म्हणणाऱ्या माणसाकडून गाडी घेऊ नका, कितीही देखणी असली तरी.

आता मुद्द्याचं. साध्या स्पोर्टस्टरचा पुढचा फोर्क उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंश कललेला असतो. माझा ४० च्या जवळ आहे. याला रेक म्हणतात. रेक वाढला की ट्रेल वाढतो, म्हणजे हँडलचा अक्ष रस्त्याला जिथे मिळतो त्याच्या किती मागे टायर टेकतो, ते अंतर. ते जास्त असलं की गाडी सरळ रस्त्यावर एखाद्या निश्चयी माणसासारखी चालते, हलत नाही. पण वेग चालण्याइतका उतरला की हँडल स्वतःहूनच एका बाजूला पडायला बघतं. म्हणून बघायला गेलात तर आधी पार्किंगमध्ये सावकाश वळवून बघा. काही ठिकाणी चेसिसला हात न लावता नुसते कललेले ट्रिपल ट्री, म्हणजे फोर्क चेसिसला जोडणारे क्लॅम्प, बसवून फोर्क लांब दाखवतात. त्याने ट्रेल उलट कमी होतो आणि वेगात गाडी थरथरू शकते. दिसायला दोन्ही गाड्या सारख्याच.

घरी आणल्यावर पहिले काही आठवडे कंबरेने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे ब्रेक-गिअरचे पेडल आणि त्यांच्याबरोबर पाय लांब पुढे. फोटोत हे फार आरामाचं दिसतं, पण अशा बसण्यात अंगाचा सगळा भार माकडहाडावर येतो आणि खड्डा आला तरी फुटपेगवर भार देऊन बूड उचलता येत नाही. वर उंच एप हँगर, म्हणजे हात वर करून धरायचं हँडल. कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो, बसल्यावर मुठी खांद्यापासून सहा इंचांपेक्षा वर नकोत. आधीच्या मालकाची उंची माझ्याहून बरीच जास्त; त्याला जे कायदेशीर होतं ते मला नव्हतं. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हात वर करून कुणाला शरण चाललायस?”

हेवर्डच्या बाजूला एका म्हाताऱ्याचं गॅरेज आहे, तिथे महिनाभर दर शनिवारी बसलो. त्याने पहिल्यांदा मला गाडीवर बसवलं, डोळे मिटायला लावले, हात आपोआप कुठे जातात ते पाहिलं आणि तिथे खडूने भिंतीवर खूण केली. हँडल त्या खुणेपर्यंत खाली आलं. फॉरवर्ड कंट्रोल काढून मिड कंट्रोल बसवले. पाय गुडघ्याखाली आले, पाठीचा मणका सरळ झाला आणि खड्डा दिसला की दोन इंच उठता येऊ लागलं. माझ्या मते पाठ दुखणाऱ्यांसाठी हा एकच बदल बाकी सगळ्यांपेक्षा मोठा, आणि चॉपरवाले कट्टर लोक नेमका यालाच नाक मुरडतात. मुरडू देत. मागे सोळा इंची चाकावर जाड गालाचा टायर ठेवला. रिजिड गाडीत शॉकअप्सचं काम थोडंफार तोच करतो, त्यामुळे हवा दर वेळी गेजने मोजायची. सीटखाली दोन स्प्रिंग. आणि कमरेला रुंद चामडी पट्टा. जुने रिजिडवाले तो दिखाव्यासाठी घालत नसत, हे ८८० फ्रीवेच्या काँक्रीटवरून गेलात की ठक ठक करत समजतं.

ट्रॅफिकमध्ये ही गाडी काही कामाची नाही. या राज्यात गाड्यांच्या रांगांमधून मोटरसायकल काढणं २०१७ पासून कायद्यानेच मान्य आहे, पण रुंद हँडल घेऊन तो हक्क बजावायचा कसा? उभं राहायचं, आणि एअरकूल्ड इंजिनाची धग उजव्या मांडीला घ्यायची.

पण हॉलिस्टर ओलांडून २५ नंबरच्या रस्त्याला लागा. १९४७ च्या जुलैमध्ये ज्या मोटरसायकल मेळाव्याने देशभर खळबळ उडवली, तेच हे हॉलिस्टर. तिथून पिनॅकल्सच्या दिशेने टेकड्यांमधून रस्ता संथ वळतो, शाळेतल्या कित्त्यासारखी वळणं, एकही घाईचं नाही. ताशी ५५ मैलांवर इंजिनाचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात. समोर ना काच, ना मीटरचा डबा, नुसता पुढे पसरलेला फोर्क आणि त्याच्या टोकाला बारीक चाक. हात खांद्याच्या रेषेत, छाती मोकळी, मान सरळ. स्पोर्ट्स बाइकवर मनगटं आणि मान भरून येते, तसं काहीच नाही. मऊपणा इथे अजिबात नाही, तरी अंग सैल होतं. गाडीच घाई करू देत नाही, त्यामुळे माझाही जबडा सुटतो. ६५ च्या वर गेलात की मात्र वारा छातीवर येतो, हँडलला लोंबकळावं लागतं आणि सगळी मजा जाते.

भाऊ साताऱ्याहून विचारतो, अशी एक इथे बनवू का? त्याला नको म्हणालो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल केलेली गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे आरटीओला आमंत्रण. चेसिस कापून रेक वाढवणं तर लांबच. त्यापेक्षा रॉयल एनफिल्डने २०२४ मध्ये काढलेली गोअन क्लासिक बघ म्हटलं. उंच हँडल, सुटी तरंगती सीट, पांढऱ्या पट्ट्याचे टायर, आणि सगळं कंपनीचंच, पासिंगसकट. “मागची सीट काढता येते ना?” हा त्याचा पहिला प्रश्न. वहिनीने शेजारूनच उत्तर दिलं, ते इथे लिहीत नाही.

माझ्या गाडीत आता एकच वाद उरलाय, टाकीचा. शेंगेएवढी टाकी, जेमतेम आठ लिटर. ऐंशी मैल झाले की पंप शोधायचा. म्हातारा मोठी टाकी बसवून देतो म्हणतो, किंमतही रास्त सांगतोय. मी नको म्हणालो. पंपावर उतरावंच लागतं, पाय झटकावे लागतात, दहा मिनिटं कंबर ताणून उभं राहावं लागतं. टाकी मोठी झाली तर मी उतरणारच नाही.