स्मूदनिंगनंतरचे बावीस महिने (माझा अनुभव)

२०२२ च्या फेब्रुवारीत भावाचं लग्न होतं आणि त्याच्या आदल्या आठवड्यात नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका पार्लरमध्ये मी एकाच दिवशी हायलाइट्स (म्हणजे ब्लीच करून काही बटा फिक्या करणं) पण केले आणि स्मूदनिंग (क्रीम लावून केस सरळ करणं) पण. तिथल्या ताई म्हणाल्या काही होत नाही, सगळ्या करतात. लग्नात केस असे चमकत होते की मावश्या हात लावून बघत होत्या. महिनाभराने कंगवा फिरवला की बेसिनभर तुकडे. आई म्हणाली, नारळाची शेंडी झालीय नुसती.

मला वाटलं केस गळतायत, म्हणून कांद्याचा रस, बायोटिन, जो जे सांगेल ते चालू. शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे गेले तर त्यांनी एकच गोष्ट दाखवली, मुळातून गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते, माझ्या तुकड्यांना ती नव्हतीच, म्हणजे केस गळत नव्हते, मधूनच तुटत होते. ब्लीच आणि स्मूदनिंगचं क्रीम दोन्ही केसाच्या आतले जोड तोडतात, आणि मुळाच्या बाहेरचा केस म्हणजे मेलेलं केराटिन, नखासारखं, तो भरून येत नाही. नवीन येतील ते चांगले येतील, तोवर हे जपा आणि कापत जा, एवढंच. तोपर्यंत मी महागाचे दोन 'रिपेअर' मास्क संपवलेले. केस मऊ लागायचे त्याने, नाही असं नाही, पण पुढच्या वेळी धुवेपर्यंतच.

खरा वैताग पुढे होता. माझे केस मुळात वेव्ही, त्यामुळे वर लाटा आणि खाली दोऱ्यासारखे सरळ, आणि जुना-नवा केस जिथे भेटतो नेमका तिथेच जास्त तुटतो. शिवणाच्या टेपने भांगापासून मोजायचे, महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढ. दर तीन महिन्यांनी अडीच सेंटिमीटर कापायचे, म्हणजे तीन महिन्यांची कमाई जेमतेम सव्वा सेंटिमीटर, बघणाऱ्याला वर्षभर केस आहेत तेवढेच. शेजारच्या काकू दर वेळी, "अगं, तुझे केस वाढत कसे नाहीत गं?" काय सांगणार त्यांना.

शिकेकाईचं सांगते, कारण सगळ्यात आधी तेच सुचवतात. रविवार कारंज्याजवळून शिकेकाई, रिठा, आवळा आणून आजीच्या पद्धतीने उकळलं. आजीच्या केसांना कधी ब्लीच लागलंच नव्हतं हे माझ्या डोक्यात आलं नाही! माझे आणखी राठ झाले, गुंता सोडवताना रडले. आणि मेथीचा लेप जानेवारीत लावू नका, नाशिकच्या थंडीत दोन तास ओलं डोकं, मला आठवडाभर सर्दी.

कामाला आलं ते साधं खोबरेल तेल, पण धुतल्यानंतर नाही, धुवायच्या आधी. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना कमी झीज होते. शॅम्पू फक्त टाळूला, कंडिशनर फक्त खाली, आणि तो केसात असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवायचा. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, त्यात फेसच होत नाही, म्हणून शेवटचे दोन मग पिण्याच्या पाण्याचे. यावरून घरात रोज भांडण.

आणि स्कार्फ! पाथर्डी फाटा ते सातपूर रोज अॅक्टिव्हावर, कॉटनचा स्कार्फ करकचून बांधलेला, वर हेल्मेट. मानेजवळचे केस त्याने घासून जात होते हे मला वर्षभर कळलंच नाही. मग आईच्या जुन्या साटीनच्या परकराचा तुकडा काढून आतून बांधायला लागले, दिसायला भयंकर, पण मानेजवळचं तुटणं दोन-तीन महिन्यांत बरंच कमी झालं.

डिसेंबर २०२३ मध्ये टेपवर सत्तावीस सेंटिमीटर आले आणि मी खालचं उरलेलं सगळं कापून टाकलं. खुर्चीखाली पडले ते सगळे सरळ, डोक्यावर राहिले ते सगळे वेव्ही. लाटांमुळे जेमतेम हनुवटीपर्यंत. संक्रांतीला आईने हौसेने गजरा आणला, चार पिना लावल्या तरी तो घसरून खांद्यावर यायचा, शेवटी तिने स्वतःच्याच अंबाड्यात माळला.