"स्पायडरमॅन आला तर दार उघडायचं का?"

मागच्या महिन्यात लेकाच्या दप्तरात बाईंची चिठ्ठी आली. दिवे लागणारे बूट घालून शाळेत पाठवू नका, एवढंच. मला वाटलं वर्गात पाय आपटत बसत असेल, लक्ष नसेल अभ्यासात, म्हणून आधी त्यालाच ओरडले. तर म्हणतो, "आई, लॉकडाउन ड्रिलमध्ये माझे बूट पेटले ना."

हे लॉकडाउन कोविडवालं नाही. न्यू जर्सीत शाळांना दर महिन्याला एक आगीची आणि एक सुरक्षेची ड्रिल घ्यावीच लागते, कायदा आहे तसा. बंदूक घेऊन कोणी शाळेत शिरलं तर काय करायचं, त्याची ही रंगीत तालीम. दाराला कुलूप, दिवे बंद, पडदे खाली, आणि वीसेक पोरं खिडकीपासून लांब कोपऱ्यात अंग चोरून गप्प. माझा सहा वर्षांचा. त्याच्या बुटांवर स्पायडरमॅनचा चेहरा आणि टाचेत लाल दिवे, बसल्या जागी पाय हलवला तरी लागतात. अंधारात तो कोपरा लाल झाला म्हणे.

आणि ड्रिल संपल्यावर यानं बाईंना विचारलं, स्पायडरमॅन आला तर दार उघडायचं का. बाई म्हणाल्या, नाही. खरा असला तरी? खरा असला तरी नाही, दार कुणालाच उघडायचं नाही. हे त्यानं आम्हाला वरणभात कालवता कालवता सांगितलं, अगदी सहज, आणि माझा घास तोंडातच राहिला.

आपण शक्तिमान बघत वाढलो. तेव्हाही पेपरात बातम्या यायच्या, शक्तिमान वाचवायला येईल म्हणून पोरांनी उड्या मारल्याच्या. त्या खऱ्या किती, खोट्या किती यावर वाद झाले, पण मुकेश खन्ना पडद्यावर येऊन असलं काही करू नका म्हणून मुलांना सांगायचे ते मला आठवतंय. म्हणजे आमच्या आईवडलांची काळजी ही, की पोरांचा नको तितका विश्वास आहे. इथे उलटं, इथे पोराला शिकवावं लागतंय की विश्वास ठेवू नकोस. आणि हा असा देश आहे जिथे याच स्पायडरमॅनच्या चादरी, डबे, टूथपेस्ट सगळं मिळतं.

डोक्यातून जाईना. आम्ही जर्सी सिटीत राहतो, वर्ल्ड ट्रेड सेंटर इथून नदीपलीकडे. नुकताच ११ सप्टेंबर होऊन गेला होता, २००१ च्या हल्ल्यात गेलेल्यांची सगळी नावं दरवर्षीसारखी वाचली गेली होती. लेकाला कॉमिक्स घ्यायला आम्ही अधूनमधून एका दुकानात जातो, त्या शनिवारी तिथल्या काकांना (काका मीच म्हणते, साठीचे असतील) मी बाईंच्या उत्तराबद्दल सांगितलं. ते काही बोलले नाहीत, मागे गेले आणि जुन्या अंकांच्या खोक्यातून प्लास्टिकच्या पिशवीतला एक अंक घेऊन आले. पूर्ण काळं मुखपृष्ठ, चित्र नाहीच, नुसतं नाव. अमेझिंग स्पायडरमॅनचा ३६वा अंक, नोव्हेंबर २००१ मध्ये आलेला. पिशवीची चिकटपट्टी त्यांनी अशी अलगद सोडवली, जसं आजी सोवळ्याचं काही काढायची. म्हणाले, इथेच उभं राहून वाच.

वाचलं. स्पायडरमॅन उंचावरून खाली बघतोय, समोर टॉवर नाहीत, नुसता ढिगारा. आणि धुरातून पळत येणारी माणसं त्याला विचारतात, कुठे होतास तू? हे होऊ कसं दिलंस? त्याच्याकडे उत्तर नाही. पुढे पानंच्या पानं फायरवाले, पोलीस, डॉक्टर, साधी माणसं पुढे, आणि सुपरहिरो मागे ढिगारा उपसतायत, हमालासारखे.

मला हे फार भावलं, आणि का ते सांगायलाच हवं, म्हणून जरा लांबण लावते. हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही हिरोला विचारला असता तर इतका लागला नसता. स्पायडरमॅनची १९६२ सालची मूळ गोष्टच ही आहे ना, पळून जाणारा चोर त्यानं अडवला नाही, माझं काय जातंय म्हणाला, आणि त्याच चोरानं पुढे त्याच्या काकांना मारलं. म्हणजे "तेव्हा तू कुठे होतास" हे तो स्वतःलाच चाळीस वर्षं विचारत होता, त्या काळ्या अंकात ते अख्ख्या शहरानं विचारलं. आणि त्याच्याच कंपनीनं, मार्व्हलनं छापलं! आपला सगळ्यात जास्त खपणारा हिरो लोकांसमोर मान खाली घालून उभा केला. त्यांचा प्रतिस्पर्धी डीसी, त्यांनीही त्या दिवसाच्या आठवणींचं पुस्तक काढलं, त्याच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन आणि त्याचा कुत्रा मान वर करून फायरवाल्यांच्या, नर्सच्या, पोलिसांच्या चित्राकडे बघतायत. त्या दिवशी न्यूयॉर्कचे ३४३ फायरवाले गेले होते, त्यांच्यापुढे उडणाऱ्या माणसानं दुसरं करायचं तरी काय.

एक गोष्ट नाही आवडली. त्याच अंकात डॉक्टर डूम, कायमचा खलनायक, ढिगाऱ्यापुढे रडताना दाखवलाय. ज्यानं कथांमधून जगावर इतकी संकटं आणली त्याच्या डोळ्यात पाणी? काका म्हणाले, तेव्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांना सगळ्यांनीच रडायला हवं होतं. मान्य, त्यांनी ते दिवस पाहिलेत, मी नाही. नवे अंक बुधवारी येतात, आणि ११ सप्टेंबर मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी काका दुकान उघडून बसले तर दोनच माणसं आली, त्यातल्या एकानं अंक घेतले नाहीत, नुसता बसून राहिला.

भरवसा तुटला तो इथून पुढे, असं मला वाटतं. २००६ मध्ये मार्व्हलनंच सिव्हिल वॉर नावाची कॉमिक्स मालिका काढली. त्यात टीव्हीच्या रिअ‍ॅलिटी शोसाठी शूटिंग करत तरुण सुपरहिरो गुंडांशी भिडतात, स्फोट होतो, शेजारच्या शाळेतली मुलं जातात. गाव स्टॅमफर्ड, खरं गाव आहे, मॅनहॅटनहून ट्रेननं तासाभरावर. लोक भडकतात, सरकार कायदा करतं की मुखवटेवाल्यांनी खरं नाव नोंदवावं, आणि स्पायडरमॅन पत्रकारांपुढे मुखवटा काढतो. ११ सप्टेंबरनंतर सुरक्षेच्या नावाखाली इथे जे कायदे आले त्यावरच ती गोष्ट बोलत होती.

आणि मग २०१२, कोलोरॅडोतलं अरोरा. बॅटमनच्या नव्या सिनेमाचा मध्यरात्रीचा खेळ, गॅस मास्क आणि चिलखत घातलेला माणूस आत आला, आणि काही प्रेक्षकांना सुरुवातीला वाटलं हा सिनेमाच्या जाहिरातीचाच भाग आहे. त्यानं गोळ्या झाडल्या, १२ माणसं गेली, ७० जखमी. त्यानंतर एका मोठ्या थिएटर साखळीनं चेहरा झाकणारे मुखवटे आणि खोटी शस्त्रं बंद केली. माझ्या लेकाच्या शाळेच्या हॅलोविनच्या पत्रकातही तेच, कपडे चालतील, मुखवटा नको. बाईंच्या उत्तरामागे हे सगळं आहे. त्या चुकल्या नाहीत, त्यांच्याकडे वीस पोरं आहेत.

आईला फोनवर सांगितलं तर तिचं ठरलेलं, "मग या की परत." मी चिडले. म्हटलं, आई, ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा बाबा वेस्टर्नच्या गाडीत होते, रात्री साडेअकराला रुळांवरून चालत बोरिवलीला पोचले, आणि दुसऱ्या दिवशी तूच त्यांना डबा करून दिलास. मुंबईचं स्पिरिट म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण बाबांना कुणी विचारलं का कसे आहात? इथे निदान नावं वाचतात. पोरांना कोपऱ्यात का होईना, बसायला शिकवतात. हे बोलले आणि फोन ठेवल्यावर वाईट वाटलं, कारण तुकाराम ओंबळे आपलेच ना. साताऱ्याकडचा माणूस, गिरगाव चौपाटीला हातात लाठी, आणि कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या लागल्या तरी सोडली नाही. अशोकचक्र मिळालं. त्यांच्या चेहऱ्यावर मुखवटा नव्हता, शर्टावर नावाची पट्टी असते तशी साधी वर्दी. कुठल्या कॉमिक्सला हे सुचलं नसतं. पण त्यांच्या हातात लाठीच का होती, हाही प्रश्न आहेच, आणि तो विचारला की आई गप्प होते, मीही होते.

परवा, ऑक्टोबरातल्या शनिवारी, गावच्या फायर स्टेशनला मुलांसाठी दारं उघडी होती. शनिवार म्हणून ते बूट घालायला परवानगी दिली होती. एक फायरवाला खाली मांडी घालून बसला, आधी नुसता चेहरा, मग पोरांना दाखवत दाखवत हूड, मग श्वासासाठीचा हवेचा मास्क, मग हेल्मेट. मास्कमधून घर्रघर्र श्वास यायला लागला तशी दोन पोरं आयांच्या मागे पळाली. त्यानं मास्क काढला, हसला, परत घातला. असं तीन वेळा. धुरात असा माणूस दिसला की मुलं घाबरून पलंगाखाली लपतात, म्हणून हे करतात, असं त्यानं आम्हाला सांगितलं.

माझा लेक पुढे झाला. "तू आलास तर दार उघडायचं?"

तो म्हणाला, "मी दार स्वतःच तोडतो. तू फक्त लपू नकोस, हाक मार, म्हणजे मला सापडशील."

लेकानं थोडा विचार केला आणि दोन्ही पाय जमिनीवर जोरात आपटले. टाचांतले लाल दिवे लागले. फायरवाला मास्कसकट खाली वाकला आणि बघत राहिला.