भेटीचे कारण : पुस्तके

पुण्याच्या पाषाण रस्त्याने मी गेली पंचवीस वर्षे जा-ये करतो आहे आणि त्या रस्त्याच्या कडेने असलेल्या संशोधन संस्थांच्या कुंपणभिंती मला आमच्या सोसायटीच्या भिंतीपेक्षा अधिक पाठ आहेत. कोणत्या भिंतीवर बोगनवेल आहे, कोणत्या फाटकापाशी पावसाळ्यात तळे साचते, हे मी झोपेतही सांगेन. भिंतीपलीकडे काय चालते ते मात्र बसच्या खिडकीतून पाट्या वाचून कळावे तेवढेच ठाऊक. त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीस एका प्रयोगशाळेच्या फाटकावर ‘विज्ञानविषयक पुस्तकांचे प्रदर्शन आणि लेखकांची व्याख्याने, सर्वांना प्रवेश’ असा कापडी फलक दिसला, तेव्हा मी घरी जाण्याचे सोडून पुढच्याच थांब्यावर उतरलो.

फाटकावरच्या वहीत नाव, पत्ता, वेळ हे रकाने भरून झाले आणि ‘कोणास भेटावयाचे’ या रकान्यापाशी हात थबकला. आत मी कोणालाच ओळखत नव्हतो. सुरक्षारक्षकाने माझी अडचण ओळखली आणि तो म्हणाला, “काका, पुस्तकं लिहा. सकाळपासून सगळे तेच लिहितायत.” पाहिले तर खरोखरच ओळीने ‘पुस्तके’, ‘पुस्तके’, ‘पुस्तके’ अशी नोंद होती. एकाने तेवढे ‘ग्रंथ’ लिहिले होते. तो बहुधा प्राध्यापक असावा.

या दिवसांत अशा संस्थांची फाटके उघडतात त्याचे कारण २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच तारखेला कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी आपला प्रकाशाविषयीचा शोध जाहीर केला आणि १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. पहिल्याच टेबलावर ‘सृष्टिज्ञान’ मासिकाचे काही जुने अंक रचून ठेवलेले होते. हे मासिकही १९२८ मध्येच पुण्यात निघाले. रामन यांचा शोध आणि मराठीतले हे विज्ञान मासिक एकाच वयाचे आहेत, ही गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती, आणि रामन यांच्या मानाने या मासिकाला आपण किती कमी ओळखतो, या विचाराने मी उगीचच अपराधी होऊन दोन अंक घेतले.

टेबले ग्रंथालयाच्या व्हरांड्यात मांडलेली होती. एका बाजूला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करण्याचा उद्योग चालू होता. ही युक्ती खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी देशभरच्या शाळांत नेली. चौकोन कोपऱ्यात दाबला की वाकतो आणि त्रिकोण काही केल्या वाकत नाही, हे बोटांना कळल्यावर पुलाच्या लोखंडी सांगाड्यात त्रिकोण का असतात हे वेगळे सांगावे लागत नाही. तिथे मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांचीच बोटे अधिक गुंतलेली दिसली, मात्र प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपण हे मुलाला दाखवण्यासाठी करतो आहोत असा भाव होता.

हा भाव पुढे मलाही धारण करावा लागला. आम्लांविषयीचे एक सुबक पुस्तक उचलून मी पाने चाळत असताना विक्रेत्याने सहज विचारले, “मुलगा कितवीत आहे?” मराठीत विज्ञानाचे पुस्तक हातात घेणाऱ्या माणसाच्या घरात शाळकरी मूल असलेच पाहिजे, हे आपण सर्वांनी मिळून ठरवून टाकले आहे. कादंबरी घेताना असे कोणी विचारत नाही. पाहायला गेले तर त्या विक्रेत्याचाही दोष नाही, कारण मांडलेल्या पुस्तकांपैकी निम्म्याअधिक पुस्तकांतला निवेदक ‘बालमित्रांनो’ म्हणूनच तोंड उघडत होता, आणि पन्नाशीतला वाचक गुरुत्वाकर्षण समजून घेऊ इच्छितो ही शक्यता फारच थोड्या लेखकांनी जमेस धरलेली होती. माझा मुलगा नोकरी करतो. मी “सातवीत” असे सांगितले आणि दहा टक्के सवलत घेतली.

व्याख्यान आतल्या छोट्या सभागृहात होते. ध्वनिवर्धकाने सुरुवातीलाच मान टाकल्यामुळे वक्त्या बाई टेबल पुढे ओढून श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत आल्या, हे फार बरे झाले. रसायनशास्त्राच्या संशोधनातून निवृत्त झालेल्या या बाईंनी आपल्याकडच्या दगडांवर पुस्तक लिहिले होते आणि त्या पुस्तकाऐवजी त्यांनी पिशवीतून एक दगडच काढला. फिकट गुलाबी, मोत्यासारखी झाक असलेला आणि गव्हाची पेंढी मध्ये आवळून बांधावी तशा आकाराचा. विहिरी खणताना, खाणीत सुरुंग लावताना असले दगड निघतात आणि आपण सरसकट सगळ्यांना गारगोट्या म्हणतो. याचे नाव स्टिल्बाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर पसरलेला लाव्हा थंड होताना त्यात वायूंच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकातून पाझरणाऱ्या पाण्याने या पोकळ्यांच्या आतून असे स्फटिक वाढवले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले आहेत. पुण्याच्या वेशीवरच्या वाघोलीतला निळा कॅव्हन्साइट तर जाणकारांच्या फार आवडीचा. सिन्नरला ‘गारगोटी’ याच नावाचे संग्रहालय आहे.

मग बाईंनी त्या दगडाची चिमूटभर पूड एका कोरड्या परीक्षानळीत घातली आणि नळी आडवी धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. मिनिटभर काहीच झाले नाही. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. नंतर नळीच्या वरच्या, थंड भागात काच धुरकटली आणि हळूहळू तिथे पाण्याचे बारीक थेंब धरले. दगडातले पाणी! वाक्प्रचारात दगडाला पाझर फुटतो ते मी पुष्कळदा वाचले होते, पण तो पाझर असा मोहरीएवढ्या थेंबांनी काचेवर बसलेला पहिल्यांदाच पाहिला. १७५६ मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने अशाच दगडांना तापवताना फसफसलेले पाहून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले, तेच झिओलाइट. या दगडांच्या आत एक नॅनोमीटरपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही अरुंद अशा वाटा असतात. पाणी राहते ते त्यांतच. बेताचे रेणू आत शिरतात, थोराड रेणू दाराशीच अडतात, म्हणून बाईंनी याला रेणूंची चाळणी म्हटले. खनिज तेलापासून पेट्रोल करताना आणि धुण्याच्या पावडरीत क्षारांमुळे जड झालेले पाणी मऊ करताना याच जातीचे, पण कारखान्यात घडवलेले पदार्थ वापरतात.

व्याख्यानानंतर पुस्तकावर सही घेण्यासाठी रांग लागली. बाईंनी मात्र जाहीर केले की सही सर्वांना मिळेल, पण जो प्रश्न विचारेल त्याला दगडाचा तुकडाही मिळेल. मला जयंत नारळीकरांची आठवण झाली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही येईल. याच नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पहिली कथा ‘नारायण विनायक जगताप’ अशी स्वतःची आद्याक्षरे उलटी केलेल्या टोपणनावाने, तीही पत्नीच्या अक्षरात पाठवली होती आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. स्वतःची सही लपवणाऱ्या माणसाला दुसऱ्याची सहीची हौस कशी वळवावी हे बरोबर समजलेले होते.

माझ्या पुढच्या मुलीने विचारले, की आमच्या शेतातल्या विहिरीच्या ढिगाऱ्यात असे दगड असतील का. बाईंनी तिला तालुका विचारला, मग विहीर किती खोल, खडक काळा की तांबडा, आणि शेवटी म्हणाल्या, “मला इथून नाही सांगता येणार. तू बघून मला सांग.” माझी पाळी आली. तापवून काढलेले पाणी पुन्हा आत जाईल का, असे मी विचारले. त्यांनी क्षणभर माझ्या केसांकडे पाहिले. “फार कडक तापवला नसेल तर बरंचसं परत जातं. दमट हवेत ठेवून वजन करून बघा. घरात तराजू आहे ना?” मी मान डोलावली. तराजू आहे, पण भाजीचा.

फाटकावर बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवावी लागते. पुस्तके, मासिके, पावती हे सारे रक्षकाने नजरेखालून घातले आणि कागदात गुंडाळलेला तुकडा उलगडून तो गोंधळला. प्रयोगशाळेतून वस्तू बाहेर न्यायची तर चिठ्ठी लागते.

“हा आतला का?”

“नाही, खाणीच्या ढिगाऱ्यातला. मी प्रश्न विचारला म्हणून बाईंनी दिला.”

त्याने तो उन्हात धरून दोनदा फिरवला, पेन उचलले आणि वहीत सावकाश लिहिले : ‘पुस्तके ३, मासिके २, दगड १ (बाहेरचा)’.