काठावरचा खलाशी

मला पोहता येत नाही. बोटीत बसलो की पहिल्या पाव तासात पोट ढवळायला लागतं आणि उरलेला वेळ मी क्षितिजावर नजर रोखून, कोणाशी एक अक्षर न बोलता काढतो. तरी माझ्या कपाटातला एक अख्खा कप्पा जहाजं, कालवे आणि दर्यावर्दींच्या पुस्तकांनी अडवलेला आहे. घरच्यांना हे कोडं सुटत नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

ही पुस्तकं लगेच आपलंसं करत नाहीत. पहिल्या वीस पानांतच दोरखंडांची इतकी नावं अंगावर येतात की पुस्तक मिटावंसं वाटतं. जमिनीवर दोरी ती दोरी. शिडाच्या जहाजावर मात्र जितकी कामं तितक्या दोऱ्या, आणि जितक्या दोऱ्या तितकी नावं. इंग्रजीतली ‘शीट’ म्हणजे शीड नव्हे, शीड ताणून धरणारी दोरी; हे कळेपर्यंत मी दोन वादळं चुकीची वाचून काढली होती.

पण एकदा शब्दांची चटक लागली की सुटका नाही. जहाजाचा वेग ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींत का, याचं उत्तर अशाच एका पुस्तकात सापडलं. दोरीला लाकडाचा एक तुकडा बांधून तो पाण्यात सोडायचा. तुकडा पाण्यात जवळजवळ जागच्या जागी थांबतो, जहाज पुढे जातं, दोरी सुटत राहते. दोरीवर दर ४७ फूट ३ इंचांवर एक गाठ. एक जण २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करतो, दुसऱ्याच्या बोटांतून गाठी सरकतात. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी, तितके सागरी मैल ताशी. (त्यामुळे ‘ताशी दहा नॉट’ म्हणू नये, ‘ताशी’ त्या गाठीतच आहे. हे मी लोकांना सांगत असतो, म्हणून लोक मला टाळतात.) त्या लाकडाच्या तुकड्याला म्हणत ‘लॉग’. त्याचे आकडे ज्या वहीत उतरायचे ती लॉगबुक, आणि आपण रोज पासवर्ड विसरून ज्यात अडकतो ते ‘लॉग-इन’ त्याच वहीच्या वंशातलं.

मला सगळ्यात आवडतात त्या या वहीतल्या नोंदी. वारा कुठला, पाणी किती वाव खोल, पिंपात किती उरलं, आणि त्याच शाईत, त्याच अक्षरात, रात्री कोणी लाटेबरोबर गेल्याची ओळ. रडारड नाही, विशेषणं नाहीत. पुढची नोंद पुन्हा वाऱ्याची. ललित लिहिणाऱ्याने हे वाचून थोडं ओशाळायला हवं. मी ओशाळतो आणि पुन्हा विशेषणं घालतो.

जोशुआ स्लोकमचं पुस्तक याच वळणाचं. १८९५ साली हा गृहस्थ जेमतेम ३७ फुटांची ‘स्प्रे’ घेऊन बॉस्टनहून एकटाच निघाला आणि पृथ्वीला वळसा घालून १८९८ साली परतला. असं करणारा तो पहिलाच. त्याला पोहता येत नव्हतं! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत जरा ताठ बसलो. समुद्रावर आपण किती पूर्वेला वा पश्चिमेला आहोत ते कळायला अचूक घड्याळ लागतं. त्यासाठीच ब्रिटिश संसदेने १७१४ साली २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं होतं, आणि जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने त्यापायी उभा जन्म घड्याळं घडवली. स्लोकमकडे काय होतं? पत्र्याचं घड्याळ. तबकडी फुटकी म्हणून दीड डॉलरचं एका डॉलरला मिळालेलं. पुढे त्याचा मिनिटकाटाही गेला. हॅरिसनला हे कळतं तर काय वाटलं असतं, हा विचार मला अधूनमधून छळतो.

समुद्राचा फार ताण झाला की मी कालव्यांच्या पुस्तकांकडे वळतो. तिथे बोट माणसाच्या चालीने जाते, आणि टेकडी आली तर चक्क पायऱ्या चढते. बोट दोन्ही टोकांना दारं असलेल्या हौदात घ्यायची, मागची दारं लावायची, वरच्या अंगाची झडप उघडायची. पाणी आपसूक भरतं, बोट वर. पंप नाही, काही नाही. दोन दारं वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, म्हणून पाणी जितकं रेटेल तितकी ती घट्ट बसतात. ही युक्ती मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा हसलो. इंग्लंडमधले बरेच हौद सात फूट रुंदीचे, म्हणून तिथल्या बोटी त्याहून रेसभर अरुंद आणि लांब मात्र सत्तर फुटांपर्यंत. मालवाहतूक आटून हे कालवे गाळाने भरत चालले होते, तेव्हा एल. टी. सी. रोल्ट यांनी अशाच बोटीतल्या प्रवासावर १९४४ साली पुस्तक लिहिलं. त्यातूनच १९४६ साली कालवे वाचवणारी संस्था उभी राहिली. पुस्तकाने पाणी वाहतं ठेवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

गेल्या रविवारी मात्र मी वाचनाच्या पुढे गेलो. गाठींच्या पुस्तकातली ‘बोलाईन’ नावाची गाठ घेतली. जुन्या पायजम्याची नाडी, खुर्चीचा हात. नाडी खुर्चीच्या हातामागून आणायची. लांब भागावर एक छोटा फास. मोकळं टोक फासातून खालून वर, लांब भागाच्या मागून वळसा, परत फासात खाली. पुस्तकात चार चित्रं होती, माझ्या हातात अकरा प्रकार झाले. बाराव्या खेपेला ती बसली. जोर लावून ओढलं. गाठ तसूभर हलली नाही, खुर्ची सरकली.