तुम्ही विचारलंत म्हणून: हे चाकू कायले?

युरिया न्यायला आलेला माणूस काउंटरमागच्या काचेच्या कपाटाकडे बघतो नि ठरलेला प्रश्न टाकतो, "भाऊ, हे कायले जमवून राह्यले? कोनाचा मर्डर कराचा हाय का?" मौदा तालुक्यातल्या खेड्यात, खताच्या दुकानात लढाईचे चाकू! विचारणारच. मी "हौस आहे" म्हणून बिल फाडतो. आज निवांत सांगतो.

याचं मूळ आजीच्या पावशीत, म्हणजे विळीत, आहे. आजोबांनी कामठीच्या बाजारातून भंगाराचं पातं आणलं होतं आणि लोहाराकडून वाकवून पाटावर बसवून घेतलं होतं. कामठी ही १८२१ पासूनची लष्करी छावणी, त्यामुळे तिथे असा माल मिळायचा. कॉलेजात असताना एकदा राखेनं पावशी घासताना बुडाशी ठसा दिसला. बाणाची सरकारी खूण आणि 'आर. एफ. आय.', म्हणजे बंगालमधली ईशापूरची रायफल फॅक्टरी. ज्यावर आम्ही वांगी चिरत होतो ती १९०७ नमुन्याची संगीन होती! तिचं पातं मुळात १७ इंचांचं. दुसऱ्या महायुद्धात भारतात ते १२ इंचांवर आणलं गेलं. पात्यावरची पन्हळ रक्त वाहून जायला असते, असं आमच्याकडे छातीठोक सांगतात. तसं काही नाही. पातं हलकं व्हावं म्हणून ती असते.

तेव्हापासून मी धारेपेक्षा ठसे आणि डागडुजी बघायला लागलो. माझ्या खुकरीच्या मुठीला कुणीतरी तांब्याची तार गुंडाळली आहे. शौकिनांच्या लेखी त्यानं किंमत पडते. मला तीच तार आवडते.

फसलोही. फेअरबर्न आणि साइक्स या शांघाय पोलिसांतल्या दोघांनी आखलेला, विल्किन्सन कंपनीनं बनवलेला कमांडो खंजीर कुणाला नको असतो? एकानं 'अस्सल पहिला नमुना' म्हणून दाखवला आणि मी सोयाबीनच्या हंगामाची कमाई मोजली. पहिल्या नमुन्याची आडपट्टी इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते, तशी होती. पण मूठ कड्याकड्यांची, ओतीव; ती तिसऱ्या नमुन्याची, १९४३ च्या सुमाराची. घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं. तो जोडकाम केलेला खंजीर अजून कपाटात आहे, खालच्या फळीवर.

पावसाळ्यात खरी कसोटी. पातं चामड्याच्या म्यानात ठेवलं की जंग धरलाच, म्हणून म्यान वेगळं नि पातं वेगळं. लाकडी मुठीला जवसाचं तेल, जे आपल्याकडे घरचंच असतं. पितळ मी चकचकीत करत नाही. जुना काळपटपणा एकदा घासला की परत येत नाही.

आणि हो, कायदा. संगीन, खंजीर, ९ इंचांहून लांब पात्याचे चाकू शस्त्र कायद्याच्या यादीत येतात; शेतीची नि घरकामाची अवजारं वगळलेली आहेत. जमवायचं मनात असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारा, मग पैसे मोजा.

पावशी मात्र कपाटात नाही. नागपूरच्या एका शौकिनानं चांगला भाव सांगितला होता, पण बायको म्हणाली, "मंग फणस कायनं चिरू?" काल चिरला. त्याआधी पात्याला तेल चोळलं तिनं, चीक चिकटू नये म्हणून.