संगणकासाठी ५.१ स्पीकर

आज दुपारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात संगणकासाठी ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर) पाहण्यात तीन तास गेले आणि निवडीची सुरुवात स्वतःच्या संगणकाच्या मागच्या बाजूपासून करायला हवी, हे तिथे लक्षात आले. एका दुकानदाराने आधीच विचारले, "साहेब, मदरबोर्डला ऑडिओचे जॅक किती आहेत?" मदरबोर्ड म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड; त्याचे जॅक, म्हणजे वायर खोचायची छिद्रे, मागच्या बाजूला दिसतात. मी घरी फोन करून मुलीला पाहायला सांगितले, हिरवा, काळा आणि नारिंगी असे तिन्ही आहेत हे कळल्यावर जिवात जीव आला, कारण हिरव्यातून पुढच्या दोन, काळ्यातून मागच्या दोन आणि नारिंगीतून मधल्या स्पीकरचा व सबवूफरचा आवाज स्वतंत्रपणे जातो. लॅपटॉपला हेडफोनचा एकच जॅक असेल तर त्यातून मात्र दोनच चॅनेल, म्हणजे आवाजाचे दोनच स्वतंत्र प्रवाह, बाहेर पडतात. प्रकाशाच्या रूपात आवाज नेणाऱ्या ऑप्टिकल केबलचाही विचार केला. पण तिच्यातून ५.१ आवाज डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएससारख्या कॉम्प्रेस केलेल्या रूपातच जातो, त्यामुळे स्पीकरसंचात तो पुन्हा उलगडणारा डीकोडर लागतो आणि किंमत बरीच वाढते.

खोक्यावरच्या पीएमपीओच्या (क्षणभराच्या कमाल शक्तीच्या) फुगवलेल्या आकड्यांकडे मी लक्ष दिले नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा, तेवढा विचारला. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला साठ-सत्तर वॉट पुष्कळ होतात. खरी अडचण मागच्या स्पीकरांची आहे: ते ऐकणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ११० अंशांवर हवेत, आणि उजवीकडे नेमके आईचे लाकडी कपाट आहे. ते हातभर सरकवता येईल का, हे आईला विचारूनच पैसे भरणार आहे.