बायका असतात का तिथे?

"तुला ती दारू सोडणाऱ्यांची मीटिंग सापडली कशी? आणि बायका असतात का गं तिथे?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, लिफ्टमध्ये विचारून झालाय, रात्री अकराच्या मेसेजवर तर नेहमीचाच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते. दारू कशी लागली, घरच्यांनी काय काय सोसलं, ते तुम्हाला पाठ आहे. त्यात शिरत नाही.

सापडायला काही अवघड नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना. फोन करायचा, जवळची मीटिंग कुठे आणि किती वाजता ते विचारायचं. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही, पिणं थांबवायची इच्छा एवढी एकच अट. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. भरती व्हायची वेळ आली असेल तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. आणि रोजची सवय असेल तर परस्पर एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, आधी डॉक्टर. झालं, मिळाला पत्ता. पण तुम्हाला पत्ता नकोच असतो. त्या दारातून बाईमाणूस आत कसं शिरलं, हे हवं असतं.

तर ऐका. नाहीच शिरले.

चर्चच्या आवारातली शाळा. व्हरांड्यात एक वयस्क गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा ग्लास. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "या ताई. फॅमिली ग्रुप पलीकडच्या खोलीत. मिस्टर आत बसलेत का?" इतक्या मायेनं म्हणाले की मी मान हलवली आणि पलीकडच्या खोलीत गेले.

तो अल-अनॉनचा ग्रुप होता, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा. आत सगळ्या बायका. फळ्यावर सकाळचे अपूर्णांक पुसायचे राहिलेले, बाक पाचवीच्या मुलांचे, गुडघे वर येत होते. त्या दिवशी घेतली नव्हती, त्यामुळे हात थरथरत होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि पाठीवरून हात फिरवला. "होतं असं. जागरणं, धसका. माझेही कापायचे." मला रडू आलं. त्यांना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीनं.

मग एकेक जण बोलायला लागली. कुणाचा नवरा बाटली गीझरच्या मागे ठेवायचा, कुणाचा स्कूटरच्या डिकीत. माझी पाळी आली. गप्प बसता आलं असतं, तिथे कुणी जबरदस्ती करत नाही. पण मी बोलले. सकाळी दूध तापवायच्या आधी एक घोट लागतो, पाहुणे येणार म्हटलं की आधीच वेलची चघळायची, मुलीच्या वह्यांवर सही करताना अक्षर वाकडं येतं. सगळं "आमचे हे" लावून. "बाटली तांदळाच्या डब्यात असते," असंही म्हणाले.

काकू चटकन म्हणाल्या, "तांदळाच्या डब्यात? तिथे तर आपलाच हात जातो रोज."

कुणी काही बोललं नाही. पुढची बाई बोलायला लागली. मीटिंग संपल्यावर काकूंनी माझं मनगट धरलं, व्हरांड्यातून चालवत नेलं आणि त्या गृहस्थांना म्हणाल्या, "भाऊ, ही तुमच्याकडची."

आता बोला, मीटिंग मला कुणी शोधून दिली?

त्या गृहस्थांवर मी कैक वर्षं डूख धरून होते. अन्यायच तो. २०१९ च्या सरकारी पाहणीच्या अहवालात पुरुषांपैकी २७.३ टक्के दारू पिणारे निघाले आणि बायकांपैकी १.६. दारात बाई दिसली तर तो बिचारा दुसरं काय समजणार? एएच्या १९३९ च्या मूळ पुस्तकातसुद्धा 'पत्नींसाठी' असं एक आख्खं प्रकरण आहे. पिणारा तो, सोसणारी ती, हे गृहीतच. गंमत म्हणजे ते प्रकरण बायकांच्या तोंडी घालून लिहिलं एएच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बिल विल्सननं, त्याच्या बायकोला स्वतः लिहायचं असताना. हे कळलं तेव्हा मी हसले. तोही बायको होऊन बोलला, मीही. फिटंफाट.

पूर्वी मी विचारणारीला फटकारायचे, "दारू बाई-पुरुष बघत नाही, गुमान जाऊन बस." आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. मुलीच्या शाळेतून फोन आला त्या दुपारी मी कुठल्या अवस्थेत होते, ते त्या पुरुषांसमोर मी आजवर बोललेले नाही. करोनानंतर बायकांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलले. मग बायकांची वेगळीच मीटिंग हवी का? पण माझी सुटली ती पुरुषांनी भरलेल्या खोलीत बसूनच. दोन्ही खरं आहे, कुठलं धरायचं ते मला विचारू नका.

आणि हो, नवरा कसा काय सांभाळून घेतो, हेही विचारता. सांभाळतो, पण अल-अनॉनला येत नाही. एकदाच गेला, परत आला तो म्हणाला, "सगळ्या बायकाच आहेत तिथे." मी भडकले. म्हटलं, मी बसलेच ना पुरुषांत? तर म्हणे, "तुला गरज होती." त्यावरून आमचं परवासुद्धा वाजलं.